पियानोवरचे उदास रॉक गाणे कसे बसवावे: पेटीकडून आलेल्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा आणि प्रतापनगर या बाजूच्या मराठी घरांतून जी मुले-मुली माझ्याकडे स्वतःची गाणी घेऊन येतात, त्यांपैकी बहुतेकांच्या हाताला पहिली सवय पेटीची असते आणि मनाला ओढ मात्र पियानोच्या आधाराने संथ चालणाऱ्या उदास इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र वादकांच्या रॉक) गाण्याची असते. ऐकताना जे भिडते, ते वाजवताना हाती लागत नाही. चाल बरी असते, शब्द मनापासून लिहिलेले असतात, तरीही गाणे उदास न होता नुसते जड होते. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की तिचे कारण एकदा नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. पियानोचा सूर हातोडी तारेवर आपटून मागे फिरली की त्याच क्षणापासून विझू लागतो, आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत. माझी भाची चार वर्षे पेटी शिकून पहिल्यांदा पियानोसमोर बसली, तेव्हा एकच स्वर दाबून ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "मामा, हा सूर हातातून जातोय." या गाण्यांचे सारे आकर्षण त्या जाण्यात आहे. पेटीची सवय असलेला हात विझणारा सूर रिकामा समजतो आणि ती जागा लगेच दुसऱ्या स्वराने भरून टाकतो. गाणे जड होते ते इथे. खालचे टप्पे त्या विझण्याला जागा मिळावी म्हणून आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, कारण बास (खालच्या स्वरांची गिटार) आणि ड्रम आधी आणून पियानो नंतर बसवलेले गाणे मोकळे झालेले मी अजून पाहिलेले नाही.

पूर्वतयारी

पूर्ण पियानोला ८८ स्वर असतात आणि घरोघरी असलेल्या साध्या कीबोर्डला ६१. या कामाला ६१ स्वर पुरतात; नसून चालत नाहीत त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे स्पर्शसंवेदन, म्हणजे हळू दाबल्यास हळू आणि जोरात दाबल्यास जोरात वाजण्याची सोय. अनेक कीबोर्डांत ती बंदही करता येते आणि कोणीतरी ती बंद करून ठेवलेली असते, म्हणून आधी ती चालू आहे का ते पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे पायाने दाबायचे सस्टेन पेडल. पेडल नसेल तर पाचव्या टप्प्याला अर्थ उरत नाही, तेव्हा नवा आवाज, ड्रमची नवी कीट किंवा नवे हेडफोन घेण्याआधी पेडल घ्यावे.

घरात जुना उभा पियानो असेल तर ट्यूनरच्या ॲपवर मधल्या सप्तकातील पांढरी सहा तपासावी. तिची कंपनसंख्या ४४० हर्ट्झ असायला हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड आणि नमदा ओल धरतात आणि स्वर अडकू लागतात. पियानो सगळाच सारखा उतरलेला असेल तर गिटार आणि बास पियानोला मिळवून घ्यावेत. जुन्या तारा घाईने वर ताणायला सांगू नये, त्या तुटतात. स्वरास्वरांत उतार वेगवेगळा असेल तर मात्र तारा जुळवणारा कारागीर बोलावण्यावाचून मार्ग नाही.

इशारा: कीबोर्ड सुरू करताना पेडलवर पाय ठेवू नये. पुष्कळशी यंत्रे सुरू होताना पेडलची स्थिती तपासतात आणि त्या वेळी पाय खाली असेल तर पुढे सगळे उलटे चालते. पाय उचलला की सूर टिकतो, दाबला की तुटतो. एका मंडळाच्या कार्यक्रमात आमच्या मुलांचे पहिले कडवे याच कारणाने वाया गेले आणि नेमके काय बिघडले हे व्यासपीठावर कोणालाच उमगले नाही.

टप्पा १: वाजवण्याआधी तीन वेळा ऐकणे

आपल्याला आवडणारे, याच जातीचे एक गाणे निवडावे आणि हात बांधून तीन वेळा ऐकावे. पहिल्या वेळी फक्त पियानोचा डावा हात ऐकावा आणि तो किती कमी वाजतो ते कागदावर लिहावे. दुसऱ्या वेळी, गायक ओळ संपवतो त्यानंतर पियानो काय करतो तेवढेच ऐकावे. तिसऱ्या वेळी घड्याळ समोर ठेवून प्रत्येक वाद्य कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला आत येते ते टिपावे. हा शेवटचा कागद जपून ठेवावा, कारण सातव्या टप्प्यात तोच उपयोगी पडतो. बहुतेक मुलांना हा कागद पाहून आश्चर्य वाटते: जे गाणे त्यांच्या आठवणीत भरगच्च असते, त्याचा पहिला दीड-दोन मिनिटांचा भाग कित्येकदा एक गळा आणि एक पियानो एवढ्यावरच उभा असतो.

टप्पा २: पट्टी आणि लय

पट्टी ठरवताना सवयीची काळी एक किंवा काळी चार डोळे मिटून धरू नये. या गाण्यांत कडवे खालच्या स्वरांत, जवळजवळ बोलल्यासारखे चालते आणि ध्रुवपद वर जाते. म्हणून आधी ध्रुवपदातील सर्वांत वरचा स्वर गाऊन पाहावा, तो ताण न येता तीनदा सलग लागतो का ते पाहावे आणि मग त्याहून एक स्वर खालची पट्टी घ्यावी. कडव्याचा सर्वांत खालचा स्वर कुजबुजल्यासारखा लागला तरी हरकत नाही. तो तसाच लागलेला चांगला.

कीबोर्डचे ट्रान्सपोझ (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारे) बटण वापरण्यास मनाई नाही, पण ते किती घरांनी वर किंवा खाली आहे हे कीबोर्डवरच कागद चिकटवून लिहावे. पियानोवाला स्वतःला पांढरी एकमध्ये समजत असतो आणि गिटारवाला खऱ्या पट्टीत वाजवत असतो, हा घोटाळा तालमीचा निम्मा वेळ खातो.

लय मिनिटाला ६० ते ७६ मात्रांच्या दरम्यान असावी. मी सुरुवात ६८ वर करायला सांगतो. चार मात्रांचा एक बार तेव्हा साधारण साडेतीन सेकंदांचा होतो आणि एवढ्या वेळात मधल्या सप्तकातील कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार स्वर, ऐकू येईल इतकी विझते, पण पुरती मरत नाही. ८० च्या पुढे गेल्यास विझणे कानाला कळण्याआधीच पुढची कॉर्ड येते. ५५ च्या खाली गेल्यास मुलांना रिकामी जागा सोसत नाही आणि ती मधे मधे भरू लागतात.

तपासणी: मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारे यंत्र किंवा ॲप) ३४ वर ठेवावा आणि त्याचे ठोके दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येत आहेत असे मानून चाल गुणगुणावी. ध्रुवपदात आपण ठोक्याच्या पुढे पळत असू तर पियानोला हात लावण्याआधी हे दुरुस्त करावे.

टप्पा ३: डावा हात

पेटीवाल्याचा डावा हात भाता हलवतो. वर्षानुवर्षे रियाज करूनही त्या हाताने एकही स्वर वाजवलेला नसतो आणि पियानोसमोर बसल्यावर तो एक तर निमूट पडून राहतो किंवा भात्याच्याच लयीत सतत आपटू लागतो. म्हणून पहिले आठ दिवस उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डाव्याने वाजवावे.

समजण्यासाठी पांढरी एक हा सा धरू. डाव्या हाताला चार बारांत चार स्वर द्यावेत: सा, मग त्याखालचा नी, त्याखालचा ध, आणि त्याखालचा म. प्रत्येक स्वर बाराच्या पहिल्या मात्रेवर एकदाच वाजवावा आणि पुढच्या बारापर्यंत धरून ठेवावा. ही उतरंड या जातीच्या असंख्य गाण्यांचा कणा आहे आणि ती एकटी वाजवली तरी तिच्यात काहीतरी हातातून सुटत चालल्याचा भाव येतो. आठ दिवस एवढेच वाजवायचे आहे.

नवव्या दिवशी सा, ध आणि म यांच्या जोडीला वरचा पाचवा स्वर घेता येईल: सा बरोबर प, ध बरोबर ग, म बरोबर सा. नी बरोबर मात्र तसे करू नये. नीचा पाचवा स्वर तीव्र म येतो, तो या गाण्याच्या स्वरांत बसत नाही, आणि हात सवयीने त्या अंतरावर पडला की दुसरा बार दर वेळी खटकतो. नी एकटाच ठेवावा.

इशारा: मधल्या सा च्या खाली एक सप्तक उतरल्यावर, त्याहून खाली सा आणि ग अशी जवळची जोडी डाव्या हाताने दाबू नये. खालच्या भागात जवळचे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. "कीबोर्डचा आवाजच चांगला नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांची अडचण एवढीच असते.

टप्पा ४: उजवा हात, चार बारांपुरता

इथे घाई करू नये, कारण गाण्याचा जीव या चार बारांत आहे. उजव्या हाताने पहिल्या बारात प, सा, ग हे तीन स्वर या क्रमाने, म्हणजे प सर्वांत खाली ठेवून दाबावेत. दुसऱ्या बारात प तसाच ठेवावा. सा चा नी होतो आणि ग चा रे होतो. तिसऱ्या बारात तिन्ही बोटे एकेक पायरी वर सरकून ध, सा, ग होतात. चौथ्या बाराच्या पहिल्या मात्रेवर फक्त वरचे बोट हलते आणि ग चा म होतो: ध, सा, म. आता या चौथ्या बाराच्या तिसऱ्या मात्रेवर शुद्ध ध कोमल करावा. बाकी दोन्ही बोटे जागची हलू नयेत.

तो एक स्वर अर्ध्या पायरीने खाली येतो आणि खोलीतला उजेड उतरल्यासारखे वाटते. मी हे शेकडो वेळा वाजवले असेल, तरी त्या जागी दर वेळी पोटात काहीतरी हलते. त्यानंतर पहिल्या बारावर परत येताना कोमल ध अर्ध्या पायरीने प वर उतरतो, म अर्ध्या पायरीने ग वर उतरतो आणि सा जागच्या जागी राहतो. दोन स्वर एकदम इतके थोडे सरकून घरी पोहोचतात, म्हणून ते परतणे इतके हळवे लागते. हे पियानोवर ऐकण्याआधी पेटीवर वाजवून पाहिले तरी चालेल. पेटीवर हा बदल स्पष्ट कळतो, पण दुखत नाही, कारण तिथे कोमल ध पुढे येताना बाकीचे दोन स्वर तितक्याच जोराने उभे असतात. पियानोवर ते दोन्ही स्वर तोवर निम्मे विझलेले असतात आणि नवा स्वर त्यांच्यावर एकटा येतो. म्हणूनच चौथ्या बारात तिसऱ्या मात्रेवर पूर्ण कॉर्ड पुन्हा दाबू नये. फक्त कोमल ध वाजवावा. ध आणि कोमल ध एकमेकांवर चढू नयेत म्हणून शुद्ध ध चे बोट त्याच क्षणी सुटले पाहिजे.

तिन्ही स्वर सारख्या जोराने दाबण्याची सवय सोडावी. वरचा स्वर स्पष्ट, मधला त्याहून हलका आणि खालचा जेमतेम ऐकू येईल असा असावा. करंगळीकडे हाताचे वजन कलते ठेवून एकेक कॉर्ड वीस वेळा दाबल्यावर हे जमू लागते. कोमल ध मात्र खालच्या बोटावर येतो, तेव्हा त्या एका क्षणी वजन अंगठ्याकडे न्यावे लागते.

यानंतरच हाताला थोडी चाल द्यावी: पहिल्या मात्रेवर कॉर्ड, मग दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेच्या मधल्या अर्ध्यावर वरचा एक स्वर हलकेच. चौथ्या बारात हा स्वर घेऊ नये, तिथे कोमल ध पुरे आहे. प्रत्येक मात्रेवर कॉर्ड ठोकत बसणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

दुसरी चूक संगतीच्या सवयीतून येते. भावगीताला किंवा अभंगाला साथ करणारा पेटीवाला गायकाच्या मागोमाग चाल वाजवतो आणि तिथे ते योग्यच असते. इथे पियानोने गायकाची चाल वाजवू नये. गळा पुढे गेला, थांबला, मागे रेंगाळला तरी पियानो आपली उतरंड आपल्याच लयीत चालत राहतो. एक जण बोलत असताना बाहेर पाऊस तसाच पडत राहावा, असे ते दोघांचे नाते आहे.

तपासणी: चार बार सलग दहा वेळा वाजवून फोनवर ध्वनिमुद्रित करावेत आणि दुसऱ्या दिवशी ऐकावेत. एकही शब्द नसताना चौथ्या बाराची वाट पाहावीशी वाटते का? वाटत नसेल तर पुढे जाऊ नये; बहुधा वरचा स्वर दबलेला असतो किंवा कोमल ध जोरात आलेला असतो.

टप्पा ५: पेडल

पियानोत जवळजवळ प्रत्येक तारेवर नमद्याची एक गादी टेकलेली असते. स्वर दाबला की त्या स्वराची गादी उठते आणि बोट काढले की पुन्हा बसते. उजवे पेडल दाबले की सगळ्या गाद्या एकदम उठतात. वाजवलेले स्वर टिकतात आणि न वाजवलेल्या ताराही त्यांच्या साथीने मंद झंकारतात. अगदी वरच्या सुमारे दीड सप्तकाला गादी नसतेच, कारण तिथले सूर आपोआपच लवकर मरतात. डिजिटल कीबोर्डात हे सगळे आवाजातून उभे केलेले असते, पण नियम तोच.

नवशिक्याचा पाय कॉर्डच्या आधी पेडलवर जातो आणि गाणे संपेपर्यंत तिथेच राहतो. चार कॉर्ड एकमेकींवर चढतात, शुद्ध ध आणि कोमल ध एकाच वेळी ऐकू येतात आणि मागच्या टप्प्याची सारी मेहनत वाया जाते. ज्या दिवशी हे जमते त्या दिवसापासून गाण्याला श्वास येतो, म्हणून हे पायरीपायरीने करावे. पहिली कॉर्ड दाबावी. ती वाजल्यानंतर पेडल दाबावे. दुसरी कॉर्ड ज्या क्षणी दाबली जाईल त्याच क्षणी पाय उचलावा आणि ती वाजली आहे हे कानाने ऐकल्यावर पुन्हा दाबावा. हात खाली जातो तेव्हा पाय वर येतो. सुरुवातीला हे ४० च्या लयीत, फक्त डाव्या हाताच्या चार स्वरांवर करावे आणि उजवा हात नंतर जोडावा. चौथ्या बारात कोमल ध साठी पेडल एकदा जास्त बदलावे लागते आणि तो बदल होत असताना सा, म व डाव्या हाताचा म बोटांनी धरलेले हवेत, नाहीतर पाय उचलताच तेही जातील.

पाय उचलताना टाच जमिनीवरच ठेवावी. पूर्ण पाय हवेत उचलून आपटणाऱ्याचा धप्प आवाज ध्वनिमुद्रणात येतो.

तपासणी: डोळे मिटून वाजवावे आणि दुसऱ्या बाराच्या पहिल्या मात्रेला मागच्या बारातला ग ऐकू येतो का ते पाहावे. येत असेल तर पाय उशिरा उठतो आहे. दोन बारांच्या मधे सुई पडावी एवढी शांतता होत असेल तर पाय लवकर उठतो आहे.

टप्पा ६: शब्द आणि गळा

शब्द मराठीतच लिहावेत, असा माझा आग्रह आहे. घरी आपण बोलतो ती वडोदऱ्याची मराठी, तिच्यात एखादा गुजराती शब्द आला तरी तो काढू नये, कारण जो शब्द घरात रोज वापरला जातो तोच या संथ चालीत खरा वाटतो. "मी फार उदास आहे, मन एकटे आहे" अशा ओळीत ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी एक वस्तू दाखवावी:

तुझा चष्मा अजून खिडकीत आहे
काचेवर बोटांचे ठसे तसेच

इथे उदासी हा शब्द नाही, पण माणूस गेलेला आहे आणि कोणी काच पुसलेली नाही हे कळते. ओळ दोन बारांत संपवावी आणि पुढचे दोन बार मोकळे सोडावेत. चौथ्या बारातला कोमल ध त्या मोकळ्या जागेत ऐकू आला पाहिजे. त्यावर शब्द ठेवला तर तो झाकला जातो.

गाताना हरकती, मुरक्या आणि ओळीच्या शेवटी लांबवलेला आलाप टाळावा. गळा शिकलेला असला की हे जड जाते, पण स्वर सरळ लावून सरळ सोडावा आणि शेवटच्या अक्षरावर श्वास आपोआप संपू द्यावा. तानपुऱ्यावर रियाज करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: तानपुऱ्याशी जुळलेला शुद्ध ग पियानोच्या ग पेक्षा किंचित खाली, सुमारे १४ सेंट खाली असतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पहिल्या बारात उजव्या हाताचा वरचा स्वर ग च असल्याने हा फरक उघडा पडतो, म्हणून शेवटचे पंधरा दिवस गाण्याचा सराव पियानोबरोबरच करावा.

टप्पा ७: इतर वाद्यांचा प्रवेश

आता गाण्याचा नकाशा कागदावर काढावा. तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे आपले चार बार, असे धरले की मोजणे सोपे जाते. सुरुवातीचा तुकडा ४ बार, पहिले कडवे १६, ध्रुवपद ८, दुसरे कडवे १६, ध्रुवपद ८, मधला वेगळा भाग ८, शेवटचे ध्रुवपद ८ आणि शेवट ४: एकूण ७२ बार, म्हणजे सोळा मात्रांची १८ आवर्तने. ६८ च्या लयीत हे गाणे साधारण सव्वाचार मिनिटांचे होते.

पहिले २८ बार पियानो आणि गळा यांखेरीज काहीही नको. बास २९ व्या बारावर, दुसऱ्या कडव्याबरोबर यावा. बास आला की पियानोच्या डाव्या हाताने एक सप्तक वर जावे किंवा गप्प राहावे. दोघेही तेच खालचे स्वर धरून बसले की गाणे पुन्हा गढूळ होते, आणि पियानोवाला हे सहजासहजी मान्य करत नाही, कारण एवढ्या मेहनतीने तयार केलेला हात आता सोडायचा असतो.

ड्रम ४५ व्या बारावर, दुसऱ्या ध्रुवपदात, तेही काठी स्नेअरच्या (कीटमधल्या छोट्या, कडक आवाजाच्या ड्रमच्या) कडेवर आडवी ठेवून वाजवलेल्या हलक्या टकटकीने. तबला शिकलेली मुले समेवर जोर देतात. इथे पहिली मात्रा पियानोच्या कॉर्डसाठी मोकळी सोडून ड्रमचा टोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवावा. कीट नसेल तर काहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका, चालतो. गिटार ५३ व्या बारावर यावी आणि तिनेही कॉर्ड झोडू नयेत. आवाजाचे बटण शून्यावर ठेवून स्वर छेडावा आणि मग बटण हळूहळू उघडावे, म्हणजे स्वर कुठून सुरू झाला हे कळत नाही.

५३ ते ६० हे आठ बार चढाचे आहेत. चढ वेगाने चढवायचा नाही. लय ६८ च राहते, फक्त स्वरांची गर्दी आणि जोर वाढतो. जोर दहापैकी मोजला तर पहिले कडवे ३, ध्रुवपद ४, चढाच्या शेवटी ७ आणि शेवटचे ध्रुवपद ८. ६९ व्या बारावर सगळे एकदम थांबतात आणि पियानो २ वर येतो.

इशारा: प्रत्येक जण आपले वाद्य लवकर आणण्याची विनंती करील. पहिल्या टप्प्यातला कागद त्या वेळी सर्वांसमोर ठेवावा.

टप्पा ८: घरचे ध्वनिमुद्रण

नवरात्रातील नऊ रात्री आणि गणपतीचे दिवस सोडून तारीख धरावी, आणि वेळ पहाटेची. छताचा पंखा बंद करावा लागतो, त्यामुळे मे महिन्यात हे काम काढू नये. जुन्या वाड्यात चौकातली कबुतरे उजाडल्यावर घुमू लागतात. त्याआधी गळ्याचे काम संपवावे. गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोऱ्यांवर जाड गोधड्या टांगल्या की खोलीचा पोकळ घुमारा बराच कमी होतो. माइक तोंडापासून एक वीत दूर असावा. मेट्रोनोम फक्त हेडफोनमध्ये द्यावा. कीबोर्डमधील रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) बंद ठेवून मुद्रित करावे, कारण नंतर घालता येतो पण काढता येत नाही. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणीही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी.

आधी पियानो पूर्ण ७२ बार एकसलग मुद्रित करावा. चूक झाली तर तेवढाच तुकडा जोडण्यापेक्षा संपूर्ण पुन्हा वाजवावे, कारण जोडाच्या ठिकाणी मागच्या कॉर्डचे विझणे कापले जाते आणि कान ते पकडतो. त्यावर गळा, मग बास, ड्रम आणि गिटार या क्रमाने.

शेवटच्या बाराची कॉर्ड प, सा, ग वाजवून पेडल दाबून ठेवावे आणि हात मांडीवर आणावेत. कोणी खुर्ची सरकवू नये, कोणी "झालं का" असे विचारू नये. पहिल्यांदा वरचा ग जातो, मग सा, आणि डाव्या हाताचा खालचा सा सर्वांत शेवटी. तोही ऐकू येईनासा झाल्यावर मनात आठ मोजावेत, पाय सावकाश उचलावा आणि त्यानंतर मुद्रण थांबवण्याचे बटण दाबावे.